मंजूच्या हातचा काकडा

कोजागिरीच्या दुसऱ्या पहाटेपासून आमच्या गावात काकडा लागतो आणि कार्तिकी पुनवेला काला करून उठतो. तिथूनच आमच्या भजनी मंडळाचा नवा हंगाम सुरू होतो. मग दत्तजयंती, सप्ताह, आसपासच्या गावांची बोलावणी, असं पार उन्हाळ्यापर्यंत चालतं. माझ्या आयुष्यात असा एकही कार्तिक गेला नाही की पहाटे देवळात माणसांचा आवाज नव्हता. यंदा गेला असता. भोंगा गात होता, देव ऐकत होता, आणि मंडळ घरी दुलई पांघरून पडलं होतं. मला त्याचा अजून राग आहे. पण एकट्याने रागावण्यात मजा नाही, म्हणून आमच्या गावात सगळ्यांच्या वाटचा राग जिने केला, त्या बाईबद्दल सांगतो.

तिचं नाव शकुंतलाबाई. आमच्या मंडळाची मुख्य गाणारी. सत्तरीला आली, अंगाने एवढीशी, पण धानाची रोपं, म्हणजे परहा, लावताना तिने हाक मारली तर तिसऱ्या बांधीतली बाई कमरेतून उभी राहायची. एकदा दवनीवाड्याच्या बाजारात तिची शेळी सुटली. बाईने एकच आरोळी ठोकली. शेळी तर थांबलीच, पण तीन माणसं आणि एक सायकलवालाही थांबला. सायकलवाला म्हणाला, मला वाटलं मलाच म्हणून राहिले. शकुंतलाबाई त्याला म्हणाली, तू कायले थांबला, तुझ्या गळ्यात दोरी आहे का? असा तिचा स्वभाव. गोड बोलणं तिला जमत नाही असं नाही, पण ते तिने देवासाठी राखून ठेवलं आहे.

आता काकड्याची पाळी काय असते ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमच्याकडे रोज एका घरचा काकडा. त्या घरच्या बाईने जुनं, धुतलेलं सुती धोतर फाडायचं, मनगटाएवढी जाड वात वळायची, जवसाच्या तेलात भिजवायची आणि पहाटे देवळात आणून द्यायची. मुख्य गाणारा ती वात हातात घेतो, उलटीपालटी करून बघतो, पेटवतो. मंडळ काकडा म्हणतं, आणि शेवटच्या कडव्यात त्या घरचं नाव येतं. कडवं आमच्याच गावचं आहे, कोणी कधी बांधलं कोणाला माहीत नाही:

डोळे उघड देवा, दारी उजेड आला,
अमक्याच्या घरचा, तमकीच्या हातचा काकडा.

एवढंच. पण त्या एका ओळीसाठी लोक वर्षभर वाट बघतात. पुण्याला कंपनीत असलेली पोरं त्या दिवशी पहाटे उठून घरी फोन लावतात आणि म्हणतात, माय, मोबाईल खिडकीत धर. नवी सून आली की पहिल्या कार्तिकात तिचं नाव भोंग्यावर येतं, तेव्हा ती खरी या गावची होते. तोवर ती फक्त कोणाची तरी सून.

आणि हे जे ‘तमकीच्या हातचा’ आहे ना, ते आधी नव्हतं. ते शकुंतलाबाईने घातलं.

ती नदीपलीकडची, बालाघाटाकडून नांदायला आलेली. नवरा नंदलाल, माझ्या बरोबरीचा, खंजिरी वाजवायचा. तेव्हा मुख्य गाणारे होते बकारामबुवा. मोठा गळा, मोठं पोट, आणि दोन्हींचा अभिमान. ते फक्त घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव घ्यायचे. नंदलाल तापाने गेला. लेकरं लहान. पुढच्या कार्तिकात पाळी फिरत आली ती शकुंतलाबाईच्या घराला वगळून शेजारच्या घरी गेली. कोणी मुद्दाम केलं असंही नाही. घरात माणूस नाही, तर नाव कोणाचं घ्यायचं? म्हणून लोक सरळ पुढच्या दारी गेले, रस्त्यात खड्डा आला की बाजूने जातात तसे. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. हे तर भांडण्याच्याही लायकीचं नव्हतं.

त्या पहाटे शेजारची वात यायच्या आधीच शकुंतलाबाई आपली वात घेऊन देवळात उभी. बकारामबुवांनी हात पुढे केला नाही. विधवेच्या हातची वात, आणि तीही पाळी नसताना. बुवा म्हणाले की घरी जा बाई, देवाला सगळं समजतं. तेव्हा ती जे बोलली ते मी अजून विसरलो नाही.

“माझा नवरा मेला. माझे हात नाई मेले. तो होता तवाही वात मीच वळत होती.”

आणि तिने समईवर आपली वात पेटवली अन् एकटीने काकडा म्हणायला सुरुवात केली. मंडळाचे टाळ थांबले. माझे थांबले नाहीत. काही मोठेपणा नाही त्यात. तिचा ताल इतका पक्का होता की हात थांबवायचं मला सुचलंच नाही. शेवटच्या कडव्याला ती आली आणि तिने स्वतःचं नाव घेतलं, शकुंतलाच्या हातचा काकडा. बुवा तोंड वाकडं करून बसले होते, पण गाणाराच माणूस तो, सूर कानात शिरला की राग किती वेळ धरणार. पुढच्या वर्षी स्वतः तिच्या दारात जाऊन म्हणाले, बोंबलायचंच आहे तर मंडळात येऊन बोंबल, सुरात तरी होईल.

बुवा गेल्यावर मुख्य जागा तिच्याकडे आली. तेव्हापासून प्रत्येक घराचं नाव दोन माणसांचं. घर ज्याचं त्याचं, आणि वात जिने वळली तिचं. वळणारी बाई पुढे आली पाहिजे, वात तिच्या हातातून घेतली पाहिजे, हा तिचा नियम. एकदा आमच्या मंडळातला केवळराम एकटाच वात घेऊन आला. शकुंतलाबाईने वात बघितली, केवळरामच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, तू वळली? तो नाही म्हणाला, बायकोने वळली, ती झोपली आहे. मग तिला उठवून आण, तोवर देव झोपू दे. गेला बिचारा. बायको डोळे चोळत आली, लाजली, पण नाव घेताना चेहरा असा झाला की केवळराम अजून सांगतो, आमच्या लग्नातही अशी हसली नव्हती.

आता चंद्रकुमारकडे येतो. आमच्या मंडळाचा अध्यक्ष. खताचं, बियाण्याचं दुकान आहे त्याचं. माणूस वाईट नाही, पण दुकानदार आहे, आणि दुकानदाराला वाटतं की जगातली प्रत्येक गोष्ट पाकिटात भरता येते. मागच्या वर्षी काकड्याच्या दिवसात हलक्या धानाची कापणी आली. लोक पहाटे उठून बांधीत जाऊ लागले. देवळात आम्ही चौघेच उरलो: शकुंतलाबाई, पेटीवर शालीकराम, केवळराम आणि मी. चौघांनी महिनाभर ओढलं. त्यात बाईचा गळा बसला, आणि दत्तजयंतीच्या स्पर्धेत आमचं मंडळ कुठल्या कुठे गेलं. चंद्रकुमारला ते लागलं. यंदा त्याने ठरवलं की मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं. आम्हाला त्याने सांगितलं की मोबाईलवर टाकू, बाहेरगावी असलेली पोरं ऐकतील, चार गावं बोलावतील. आम्ही खूश. शकुंतलाबाई तर फार खूश. तिचा लेक सुरतेला असतो.

रेकॉर्डिंगचाही एक किस्सा आहे. आधी ते देवळातच करायचं ठरलं. गोंदियाहून खुशाल नावाचा रेकॉर्डिंगवाला आला, गळ्यात दोन मशिनी, डोक्याला पट्टा. आम्ही पहिली ओळ उचलली आणि बिरशीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावर आलं. खुशालने हात वर केला. “काकाजी, फिर से.” विमान गेलं, आम्ही उचललं, विमान वळून परत आलं. पोट्टं बहुतेक वळणंच शिकत होतं. तिसऱ्या वेळी विमान नव्हतं तर शालीकरामची गाय हंबरली. शकुंतलाबाई म्हणाली, राहू दे ना तिचा आवाज, रोज असते ती. खुशाल म्हणाला, चलता नहीं, सब साफ चाहिए. मग आम्हाला सगळ्यांना चंद्रकुमारच्या गाडीत घालून गोंदियाला त्याच्या स्टुडिओत नेलं.

ती खोली म्हणजे गादीच्या पोटात शिरल्यासारखी. भिंतींना स्पंज, दाराला स्पंज, थंडगार हवा. आपलाच आवाज आपल्या कानाशी येऊन मरतो. खुशालने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझे टाळ बाहेर ठेवायला लावले. म्हणे फार टोचतात, मशीनमध्ये टाळ आहेत, ते नंतर घालून देऊ. आता मला सांगा, ज्या माणसाने पाऊणशे वर्षांतली निम्मी टाळ वाजवण्यात घालवली, त्याने बाहेरच्या बाकावर चपलांच्या शेजारी टाळ ठेवून आत नुसतं टाळ्या वाजवत उभं राहायचं, आणि त्याही आवाज न करता. मी राहिलो. कशासाठी, मंडळासाठी.

शकुंतलाबाईने मात्र एका गोष्टीवर हट्ट धरला. काकड्याशिवाय काकडा म्हणता येत नाही. वात पाहिजे. चंद्रकुमारला ते माहीतच होतं, म्हणून त्याने घरून वात आणली होती. रिवाजाप्रमाणे पहिल्या दिवसाचा काकडा अध्यक्षाच्या घरचा, आणि ती वात त्याच्या सुनेने, मंजूने वळली होती. मंजूही गाडीत सोबत आली होती. खुशालने आगपेटी बघितली आणि त्याचा जीव गेला, स्पंज पेटेल म्हणे. मग न पेटवलेली वात ताटलीत ठेवली, शकुंतलाबाईने ती मंजूच्या हातातून घेतली, उलटीपालटी बघितली, ठेवली, आणि गायली.

काय गायली ती. स्पंजलाही घाम फुटला असेल. आणि शेवटच्या कडव्याला नेहमीसारखं नाव घेतलं: चंद्रकुमारच्या घरचा, मंजूच्या हातचा काकडा. आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही की हे नाव आता त्या मशीनमध्ये बसलं आहे. येणार कसं? काकड्यात नाव असतंच. नाव नसलेला काकडा आम्ही कधी ऐकलाच नव्हता. खुशालला वाटलं भजनातच असं आहे.

कोजागिरी झाली. दुसऱ्या पहाटे मी टाळ घेऊन निघालो तर अर्ध्या रस्त्यात भोंगा सुरू झाला. शकुंतलाबाईचा आवाज, शालीकरामची पेटी, आणि मशीनमधले ते टाळ. मला वाटलं माझ्याविना सुरू केलं. पळत गेलो. देवळात चंद्रकुमार एकटा, मोबाईल मशीनला लावलेला, हात जोडून उभा. मागून शकुंतलाबाई आली. ती दारातच थांबली, स्वतःचा आवाज ऐकत. चंद्रकुमारने मोठ्या प्रेमाने समजावून सांगितलं की यंदा तुम्ही गळा जपायचा, महिनाभर घरी आराम करायचा, काकडा भोंगा म्हणेल, आणि दत्तजयंतीला आपण ताज्या दमाने उतरू. कापणीवाल्यांनाही तकलीफ नाही.

आवाज म्हणजे काय बियाणं आहे, कोठीत भरून ठेवायला? मी तसं म्हणालोही. पण लोकांना आवडलं, हे सांगताना मला अजून चीड येते. त्या दिवशी पाळी चंद्रकुमारचीच, नाव मंजूचंच, सगळं जागच्या जागी बसलं. लोक म्हणाले काय साफ आवाज, जणू टीव्हीच. मंडळातलेही म्हणाले, चला, झोप झाली. शकुंतलाबाई न बोलता घरी गेली, आणि तिला ओळखणाऱ्यांनी तिथेच घाबरायला पाहिजे होतं.

दुसऱ्या पहाटे शालीकरामच्या घरची पाळी. त्याची बायको दुर्गेश्वरी न्हाऊन, नवं पातळ नेसून, वात घेऊन उभी. भोंगा गायला, शेवटच्या कडव्याला आला, आणि सगळ्या गावाला म्हणाला: चंद्रकुमारच्या घरचा, मंजूच्या हातचा काकडा.

दुर्गेश्वरीने वात ताटलीसकट उचलली आणि घरी परत नेली.

तिसऱ्या दिवशी परत मंजू. चौथ्या दिवशी परत मंजू. गावातल्या बायांनी कुठे बैठक घेतली नाही, पण बोअरवेलवर एक ठराव झालाच. नाव मंजूचं आहे तर वातही मंजूच आणेल. कोणी वात पाठवेना. चंद्रकुमारच्या घरातली जुनी धोतरं संपली, मग त्याच्या बायकोच्या सुती साड्या फाटू लागल्या. मंजू पाण्याला आली की बाया तिला वाट करून द्यायच्या, या काकडेवाल्या बाई, आधी तुम्ही भरा, सगळ्या गावचा उजेड तुमच्याकडे आहे. पोरगी पाणी न भरता घरी जायची. तिचा काय दोष? तिने एक वात वळली होती, ती तिला महिनाभर पुरणार होती.

चंद्रकुमारने खुशालला फोन लावला. खुशाल म्हणाला, सोपं आहे, नाव काटून देतो. आणि त्याने काटलं. पाचव्या पहाटे भोंगा शेवटच्या कडव्याला आला, दारी उजेड आला म्हणाला, आणि मग नुसती शांतता. पेटी नाही, टाळ नाही. मग त्या खड्ड्याच्या पलीकडून ‘काकडा’ असा एकच शब्द. मला तर असं वाटलं जणू गावातलं कोणी गेलं आणि त्याच्या नावाची जागा रिकामी ठेवली. पोट्ट्यांना मात्र खेळ मिळाला. ते त्या रिकाम्या जागेत ओरडू लागले. एके दिवशी केवळरामच्या म्हशीच्या हातचा काकडा झाला, एके दिवशी गणिताच्या मास्तरांच्या हातचा. देवासमोर हे. मी एकाचा कान धरला तर तो म्हणतो, बाबाजी, जागा खाली होती ना.

इतके दिवस शकुंतलाबाई देवळाकडे फिरकली नव्हती. भोंगा सुरू झाला की उठायची, अंगण झाडायची, आणि स्वतःच्याच आवाजाकडे पाठ करून बसायची. शेवटी चंद्रकुमार तिच्या अंगणात गेला, सोबत मी आणि शालीकराम. त्याने नवी तोड काढली होती. मोठीमायने एकदा गोंदियाला यावं, गावातल्या सगळ्या घरांची नावं एका बैठकीत बोलून टाकावी, खुशाल रोजच्या रोज चिकटवून देईल. मोठीमाय म्हणतात तिला सगळे. चंद्रकुमारला वाटलं, आता प्रश्न सुटला.

शकुंतलाबाई धान पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“त्या डब्यात मी आहोच ना. मले आणखी कायले नेता?”

चंद्रकुमार म्हणाला की नावांसाठी. फक्त नावं.

“जिनं अजून वात वळली नाई, तिचं नाव आज कसं घेऊ मी?” तिने सूप खाली ठेवलं. “वात हातात येते, मंग तोंडात नाव येते. एखादीनं नाई वळली तर? एखादी मधातच मेली तर? तुझा डबा तिच्याही हातचा काकडा आणीन का, चंद्रकुमार?”

चंद्रकुमारही चिडला. त्याचंही खोटं नव्हतं. तो म्हणाला, मागच्या वर्षी चारच जण येत होते, तुझा गळा गेला तेव्हा गावातलं कोणी धावून आलं का? मी निदान काही तरी केलं.

“चार होतो तर चौघांनी म्हटलं. फाटका गळा होता, पण समोरची बाई कोण आहे ते त्याले दिसत होतं.” ती परत पाखडायला लागली. “एकदा मले वगळून गाव पुढं गेलं. आता तर सगळ्याच बायांले वगळून चाललं, अन् तेही माझ्याच आवाजात. मी नाई येत. आणि दत्तजयंतीलेही माझी वाट नोका पाहू. डब्बाच घेऊन जा.”

आम्ही तिघे परत आलो. चंद्रकुमार रस्त्यात म्हणाला, बाई हट्टी आहे. मी म्हणालो, हो, आहे, आणि तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे. पण मनातून मी घाबरलो होतो. कारण मंडळाची मला सवय माहीत आहे. महिनाभर पहाटे न उठलेली माणसं पुढल्या वर्षी उठत नाहीत. एक कार्तिक भोंग्यावर गेला की पुढचे सगळे जातील. मग मंडळ म्हणजे देवळाच्या भिंतीवरचा फोटो.

मग गंगाबाईची पाळी आली.

गंगाबाई गावाच्या टोकाला तळ्याच्या बांधाजवळ राहते. नवरा नाही, मूल नाही, डोळ्याने कमी दिसतं. वर्षातून तिचं नाव मोठ्याने घेतलं जातं ते एकदाच, काकड्याला. बोअरवेलचा ठराव तिच्यापर्यंत पोचला नव्हता, किंवा पोचून तिने ऐकला नव्हता. तिने आपली वात वळली आणि काठी टेकत, ताटली छातीशी धरून देवळात आली. मी होतो तिथे. मी रोज जातच होतो, टाळ घेऊन. वाजवायला काही नव्हतं, पण टाळ घरी ठेवून देवळात जाणं मला जमलं नाही. चंद्रकुमार होता. आणि मंजू होती, त्या दिवशीचीही वात घेऊन, बिचारी.

गंगाबाईने विचारलं, शकुंतला कुठे आहे, वात कोणाच्या हातात देऊ? चंद्रकुमार म्हणाला, आजी, ठेवा इथे ताटलीत, देवाला पावते. भोंगा सुरू झाला. गंगाबाई हात जोडून उभी, कान देऊन. शेवटचं कडवं आलं. दारी उजेड आला, आणि खड्डा. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती थांबली, वाट बघितली, आणि मग त्या रिकाम्या जागेत, अगदी हळू, शाळेत हजेरी देतात तशी, ती स्वतःच म्हणाली, “गंगा.”

तिचं नाव संपायच्या आत भोंगा ‘काकडा’ म्हणून मोकळा झाला.

मी चंद्रकुमारकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. मंजूने आपल्या हातातली वात पायरीवर ठेवली, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सरळ केला आणि निघून गेली. मला वाटलं घरी गेली रडायला. ती गेली शकुंतलाबाईच्या अंगणात. तिथे काय बोलली ते तिने मला नंतर सांगितलं. म्हणाली, “मोठीमाय, गंगा आजीनं आपलं नाव आपणच घेतलं. कोणी ऐकलंही नाई.”

शकुंतलाबाईने हातातला झाडू टाकला. पाय धुतले नाहीत, केस विंचरले नाहीत. ती आली तेव्हा चंद्रकुमारने भोंगा परत पहिल्यापासून लावला होता, कारण भजनं दोनदा वाजवायची असतात म्हणे. तिने भोंगा बंद करायला लावला नाही. सरळ गंगाबाईपुढे उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले. वात घेतली. उलटीपालटी बघितली. नाकाशी धरली. “तेल नवं आहे वं गंगा,” म्हणाली. गंगाबाई म्हणाली, यंदाचंच आहे, माझ्या भावाने दिलं. पेटवली. आणि भोंगा वर आपल्या आवाजात गात असताना शकुंतलाबाई खाली आपल्या आवाजात गाऊ लागली.

दोन शकुंतलाबाई एकाच वेळी. वरची साफ, स्पंजातली, महिनाभर जुनी. खालची खरखरीत, झोपेतून उठलेली, आणि रागावलेली. मी टाळ काढले. मशीनमधल्या टाळांपेक्षा माझे मोठे होते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. शालीकराम बांधीकडे निघाला होता. विळा खांद्यावर घेऊनच तो आत आला आणि पेटीवर बसला. केवळराम आला, त्याची बायको आली. दुर्गेश्वरी आली, हातात काही नाही, नुसती गळा घेऊन आली. भोंगा आणि आम्ही एका ओळीने मागेपुढे झालो, सगळा गोंधळ झाला, कोण कुठे आहे कळेना. शेवटी चंद्रकुमारने स्वतः मोबाईल काढला. शेवटच्या कडव्याला आम्हीच होतो.

शकुंतलाबाईने घरासाठी वेगळं नाव घेतलं नाही, कारण त्या घरात दुसरं कोणी नाही. गंगाच्या घरचा, गंगाच्या हातचा काकडा, असं दोनदा तिचंच नाव घेतलं, आणि दुसऱ्या वेळी इतकं लांबवलं की मला वाटलं आता हिचा गळा परत बसतो. गंगाबाई ऐकत उभी होती. तिला दिसत कमी असेल, ऐकू चांगलं येतं.

तेव्हापासून काकडा रोज देवळात होतो आहे. सगळे रोज येतात असं मी खोटं लिहिणार नाही. कधी सहा, कधी दहा. कापणीच्या दिवसात परत चार. पण चौघांत आता मंजूही असते. शकुंतलाबाईने तिला शेजारी बसवलं आहे, वात कशी बघायची ते शिकवते, आणि सूर चुकला की सगळ्यांसमोर सांगते, अवो, डब्यात तर बरोबर होती तू. चंद्रकुमार येतो, मागे बसतो, झील धरतो. आवाज बेताचा आहे, पण ताकद आहे. दुर्गेश्वरीची पाळी परत घेतली, ज्या ज्या घरांची पाळी बुडाली त्यांची एकेका दिवशी दोन-दोन करून घेतली. रेकॉर्डिंग मोबाईलवर आहेच. सुरतेचा लेक ऐकतो म्हणे, आणि गाईचा आवाज काऊन नाही म्हणून विचारतो.

एक राग मात्र माझा उरला आहे, आणि तो कोणी ऐकून घेत नाही. उद्या आमच्या घरची पाळी. घरात तीन जुनी धोतरं पेटीत पडली आहेत, धुतलेली, विरलेली. माझ्या बायकोने, सुलोचनाबाईने, त्यातलं एकही घेतलं नाही. तिने माझं या दिवाळीचं नवं धोतर फाडलं. मी विचारलं, काऊन वं, जुनी होती ना? तर म्हणते, वात शकुंतलाबाई बघणार आहे, तुम्ही नाही.

वात मात्र सुरेख झाली आहे. तेलात पडली आहे. आणि मी टाळ पुसून ठेवले आहेत.